बावटा वर, बावटा खाली

दिवाळी अंकात कथा असतात, कविता असतात, व्यंगचित्रे असतात, वार्षिक राशिभविष्य तर असतेच असते; आणि या साऱ्या गोडाधोडाच्या मध्ये, फराळाच्या ताटातल्या कडबोळ्यासारखा, एखादा माहितीचा लेखही असतो. कडबोळे दाताला जरा कठीण लागते खरे, पण ज्याने ते चावून खाल्ले त्याला त्याची चव विचारा! आजचा माझा विषय त्याच जातीचा आहे. गणकयंत्राच्या पोटातली एक अगदी क्षुल्लक वस्तू मी आज वाचकांपुढे ठेवणार आहे. ती इतकी क्षुल्लक की तिच्याहून लहान वस्तू त्या पोटात असूच शकत नाही. तिचे नाव बिट. हे बिट एक तर ‘शून्य’ असते, नाही तर ‘एक’ असते. तिसरी अवस्था त्याला ठाऊक नाही. आणि ‘अमुक गोष्ट घडली आहे’ एवढीच खूण म्हणून जेव्हा ते वापरतात, तेव्हा त्या धंद्यातले लोक त्याला ‘फ्लॅग’ म्हणतात. आपण त्याला सरळ बावटा म्हणू. पनवेलसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्या माणसाला याहून चांगला शब्द सुचणे कठीण.

पण हा विषय पनवेलच्या माणसाने का काढावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

कपाटांचे गाव

पनवेल हे तसे जुने गाव. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच्याही एक वर्ष आधी. १८७२ साली धूतपापेश्वरांचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथे निघाला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण येथून जवळच. गावात पाहुणा आला की तो वडाळे तळ्यावर फेरी मारी, बल्लाळेश्वराचे दर्शन घेई, हौशी असला तर कर्नाळ्याला जाऊन पक्षी पाही, आणि आपल्या गावी परते.

पुढे काळ पालटला. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल गावापर्यंत आली, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०२० च्या जुलै महिन्यात, टाळेबंदीच्या त्या सुन्न दिवसांत, पनवेलजवळ एका अजस्र इमारतीचे उद्घाटन दूरदृश्य पद्धतीने झाले. तिचे नाव ‘योट्टा एनएम१’. या इमारतीत माणसे थोडी आणि यंत्रे फार! ७,२०० रॅक, म्हणजे यंत्रे रचून ठेवायची उभी कपाटे, मावतील अशी तिची योजना आहे. तुम्ही बँकेत पैसे भरता त्याची नोंद, मुलीला परदेशी पाठवलेला निरोप, दवाखान्यातला तुमचा कागद, हे सारे अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या कुठल्या तरी कपाटातून क्षणार्धात जाऊन येत असते.

माझा व्यवसाय अशा यंत्रांसाठी आज्ञावली लिहिण्याचा. त्या इमारतीशी माझा काही संबंध नाही; पण अशा कपाटांत रात्रंदिवस काय चालते, हे मला आतून ठाऊक आहे. तेथे दर सेकंदाला अक्षरशः हजारो बावटे वर जातात आणि खाली येतात. ते बावटे कोण वर करतो, कोण खाली घेतो, आणि त्यात चूक झाली तर काय होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा कर्नल पलटणीतला नव्हे

आमच्या आळीत अण्णा म्हणून एक वृद्ध गृहस्थ राहतात. साऱ्या हयातीत त्यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये खटके ओढले. निवृत्तीनंतर त्यांचा एकच छंद : शेजारपाजारच्या तरुणांना (माझ्यासारखे पन्नाशीचेही त्यांच्या लेखी तरुणच!) बोलावून ‘तू नेमके करतोस तरी काय?’ असे विचारणे. मला त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, मी कर्नलचे काम करतो.”

“कर्नल? अरे, तू पलटणीत कधी गेलास?”

“तो कर्नल नव्हे हो अण्णा. यंत्रातला कर्नल. कर्नल म्हणजे गाभा, गर.”

मग मला सविस्तर सांगावे लागले. गणकयंत्रात एकाच वेळी शंभर-दोनशे कामे चालू असतात, पण काम करणारी डोकी, म्हणजे प्रोसेसर, मोजकीच असतात. कोणत्या कामाला केव्हा डोके मिळावे, स्मृतीतली जागा कोणी किती घ्यावी, टपाल आले तर ते कोणाच्या हाती द्यावे, हे ठरवणारी एक मूळ आज्ञावली असते. तीच कर्नल. मोठ्या यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर आज ‘लिनक्स’ नावाचा कर्नल चालतो. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टॉरव्हल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला, आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी तो वाढवला.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे हा तुझा कर्नल आमच्या स्टेशनमास्तरासारखा. गाड्या अनेक, फलाट थोडे.”

“अगदी तसाच,” मी म्हणालो.

“मग त्याला कळते कसे, काय कुठे घडले ते? प्रत्येक ठिकाणी जाऊन बघत बसला तर त्याचा दिवस त्यातच जायचा.”

अण्णांनी बरोबर मर्मावर बोट ठेवले होते. सारी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आणा, चवली, पावली, अधेली

उत्तर असे की कर्नल कोठे जाऊन बघत नाही. ज्याच्याकडे काही घडते, तो एका ठरलेल्या पाटीवर आपला बावटा वर करून ठेवतो. कर्नलने फक्त ती पाटी पाहायची. अशा अनेक बावट्यांच्या एकत्र पाटीला म्हणतात ‘बिटमॅप’, म्हणजे बिटांचा नकाशा.

ही पाटी किती स्वस्त असते, हे समजण्यासाठी आपली जुनी नाणी आठवा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्याआधीचा रुपया सोळा आण्यांचा होता. आणा, चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ आणे. समजा, माझ्या खिशात यांपैकी प्रत्येक नाणे फार तर एकदाच असू शकते. मी तुम्हाला एवढेच सांगितले की खिशात अकरा आणे आहेत, तर माझ्या खिशात हात न घालता तुम्ही ओळखाल : अधेली आहे, चवली आहे, आणा आहे, आणि पावली नाही. दुसऱ्या कोणत्याही रीतीने अकरा होतच नाहीत. शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंतचा प्रत्येक आकडा नाण्यांची एक आणि एकच गोष्ट सांगतो.

बिटमॅप म्हणजे हेच. पहिल्या बावट्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ, अशी दुपटीने वाढत जाते. बत्तीस बावट्यांची पाटी एका साध्या आकड्यात मावते, चौसष्टांचीही मावते. आणि सर्वांत मोठी सोय अशी की तो आकडा शून्य असला तर एका नजरेत कळते : कोठेही काही घडलेले नाही, आपण खुशाल पुढे जावे. चौसष्ट दारे ठोठावण्याचे काम एका दृष्टिक्षेपात होते.

एके काळी ही बिटे फार मोलाची होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले गणकयंत्र १९६० साली कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती होती १,०२४ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सारी मिळून ४०,९६० बिटे. प्रत्येक बिटासाठी फेराइटची एक चिमुकली कडी तारेत ओवलेली असे. कडी एका बाजूने चुंबकित झाली तर ‘एक’, उलट बाजूने झाली तर ‘शून्य’. आज ६४ गिगाबाइट स्मृतीच्या एका यंत्रात सुमारे ५५,००० कोटी बिटे असतात. तरीही कर्नल लिहिणारे लोक बिटांचा हिशेब जुन्या काळच्या गृहिणीसारखा काटकसरीने करतात. कारण आता प्रश्न जागेचा राहिलेला नाही, वेळेचा आहे. एक आकडा वाचायला एकदाच हात लांब करावा लागतो. चौसष्ट निरनिराळ्या जागा वाचायला चौसष्टदा.

याचे एक सुरेख उदाहरण आहे. कोणत्या कामाला आता डोके द्यावे, हे ठरवण्यासाठी इंगो मोल्नार या हंगेरियन आज्ञावलीकाराने २००२ साली लिनक्ससाठी एक नवी पद्धत रचली. महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने त्याने १४० रांगा केल्या, आणि ‘या रांगेत कोणी उभे आहे’ असे सांगणारे १४० बावटे एका पाटीवर लावले. बत्तीस बावट्यांच्या पाच ओळींत ते आरामात बसले. पहिला वर असलेला बावटा शोधायचा आणि त्या रांगेतल्या पहिल्याला बोलवायचे. रांगांत दहा कामे असोत की दहा हजार, निवड करायला वेळ तेवढाच! इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरपासून ‘पहिला उभा बावटा शोध’ अशी स्वतंत्र आज्ञाच यंत्राला दिलेली आहे, हे येथे उपयोगी पडले. सर्वसाधारण कामांसाठी ही पद्धत २००७ साली बदलली; पण ज्या कामांना उशीर खपतच नाही, त्यांच्या शंभर रांगांसाठी लिनक्स असाच बावट्यांचा नकाशा पाहतो.

घंटा वाजते तेव्हा

आता पाटीवर बावटा चढतो कसा, ते पाहू.

समजा, त्या कपाटातल्या यंत्राकडे तारेतून टपाल आले. टपाल घेणारा भाग घंटा वाजवतो. प्रोसेसर हातातले काम तसेच टाकतो आणि घंटेकडे धावतो. पण तेथे उभे राहून तो सारे टपाल उघडून वाचीत बसला, तर तोवर दुसऱ्या घंटा ताटकळतील. म्हणून नियम असा की घंटेपाशी अगदी थोडे करायचे : घंटा ऐकल्याची पोच द्यायची, पाटीवर ‘टपाल आले’ हा बावटा वर करायचा, आणि हातातल्या कामाकडे परतायचे. जड काम मागाहून, सवडीने.

या मागाहूनच्या कामांसाठी लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ दहा बावट्यांची एक पाटी असते. ‘ठरलेली वेळ भरली’ हा दुसरा बावटा, म्हणजे आपली चवली. ‘टपाल पाठवायचे आहे’ हा तिसरा, म्हणजे पावली. ‘टपाल आले आहे’ हा चौथा, म्हणजे अधेली. पाटीवर दहा आकडा दिसला की समजावे : चवली आणि अधेली, वेळही भरली आहे आणि टपालही आले आहे.

आता नीट लक्ष द्यावे, कारण खरी खुबी पुढे आहे. सवड मिळताच कर्नल प्रथम पाटीवरचा आकडा आपल्या हातावर उतरून घेतो. मग लगेच पाटी पुसून कोरी करतो. हे होईपर्यंत घंटा क्षणभर बंद ठेवलेली असते. त्यानंतर घंटा पुन्हा चालू, आणि मगच हातावरच्या यादीप्रमाणे कामाला आरंभ. सारे उरकल्यावर तो पाटी पुन्हा एकदा बघतो. मधल्या काळात नवा बावटा चढला असेल तर आणखी एक फेरी. मात्र असे किती वेळ चालावे यालाही मर्यादा आहे : दोन मिलिसेकंद किंवा दहा फेऱ्या. त्यापुढेही बावटे चढतच राहिले तर ते काम एका वेगळ्या नोकरावर सोपवतात, म्हणजे बाकीच्यांची उपासमार होत नाही.

पुसणे आधी आणि काम मागाहून, हे ऐकायला उलटे वाटते. आपण घरी काम झाल्यावर यादीवर काट मारतो. पण विचार करा : काम चालू असताना आणखी टपाल आले, तर घंटेवाला बावटा वर करायला जाईल. त्याला तो वरच दिसेल. तो म्हणेल, ‘ठीक आहे, निरोप पोचलेला आहे.’ इकडे आपले काम संपेल आणि आपण तो बावटा खाली घेऊ. नवे टपाल तसेच पडून राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही! उलट आधी पुसले, तर फार तर काय होईल? एखाद्या वेळी बावटा पाहून जावे आणि काम आधीच झालेले सापडावे. फुकटचा हेलपाटा परवडतो, हरवलेला निरोप परवडत नाही. कर्नलच्या साऱ्या शहाणपणाचा हा पाया आहे.

मी एका कारखान्यात काही दिवस सल्ल्यासाठी जात असे. तेथले एक यंत्र महिना-दीड महिन्यातून एकदा अचानक गप्प बसे. बंद करून चालू केले की पुन्हा सुरळीत. कोणी विजेला दोष देई, कोणी उंदरांना. पाहता पाहता सापडले ते एवढेच : दोन ओळींची अदलाबदल. काम आधी, पुसणे मागाहून. महिन्यातून एकदाच त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत निरोप येऊन पडे, आणि यंत्र येणार नाही त्या निरोपाची वाट बघत बसे. ओळी बदलल्या, आणि उंदीर निर्दोष सुटले.

दारावरची कडी

हे सारे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, “ते सगळे खरे, पण बावटा एकच, आणि गाड्या तीन आल्या तर? बावट्याला कसे कळायचे तीन आल्या म्हणून?”

“त्याला कळतच नाही,” मी सांगितले.

बावट्याचा स्वभावच असा की त्याला मोजता येत नाही. ‘घडले’ एवढेच तो सांगतो. ‘किती वेळा’ हे सांगत नाही. वर असलेला बावटा पुन्हा वर केला, तरी तो वरच. लिनक्समध्ये एका कामाने दुसऱ्या कामाला इशारा देण्यासाठी चौसष्ट बावट्यांचा असा एक नकाशा असतो. त्यातला एक इशारा असा : एखाद्या मुख्य कामाने काही पोटकामे सुरू केलेली असतात, आणि त्यांतले एखादे संपले की मुख्य कामाचा ‘पोटकाम संपले’ हा बावटा वर होतो. आता तीन पोटकामे एकदम संपली तर? बावटा एकच वर दिसतो. नवशिका आज्ञावलीकार बावटा पाहतो, एका पोटकामाची आवराआवर करतो आणि स्वस्थ बसतो. उरलेली दोन तशीच लोंबकळत राहतात. दिवसेंदिवस त्यांची संख्या वाढते, आणि एके दिवशी नव्या कामाला यंत्रात जागा उरत नाही.

यावर उपाय कोणता? दिवाळीच्या सकाळी दारावरची कडी वाजते. कडी एकदाच वाजली म्हणून आपण एकाच पाहुण्याला आत घेऊन दार लावून घेतो का? दार उघडल्यावर बाहेर उभे असतील तेवढ्या सगळ्यांना ‘या, या’ म्हणतो, आणि अंगण रिकामे झाले की मगच दार लोटतो. आज्ञावलीकारानेही तेच करायचे. बावटा दिसला की अंगण रिकामे होईपर्यंत आत घेत राहायचे. बावटा ही पाहुण्यांची गणती नव्हे. दार उघडण्याची सूचना आहे.

आणि जेथे गणती खरोखरच हवी असते, तेथे कर्नल बावट्याच्या जोडीला वही ठेवतो. त्या चौसष्टांपैकी पहिल्या एकतीस इशाऱ्यांना वही नाही. त्यापुढच्या विशेष इशाऱ्यांना आहे, आणि तेथे आलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद ओळीने होते. पण वहीला जागा लागते, वेळ लागतो, आणि वही भरूही शकते. बावटा कधीच भरत नाही. प्रत्येकाचे काम वेगळे.

एक पाटी आणि दोन हात

आणखी एक अडचण आहे. बिट कितीही लहान असले, तरी यंत्राला स्मृतीतून एकटे बिट उचलता येत नाही. निदान आठांचा गट उचलावा लागतो. म्हणजे एक बावटा वर करायचा तर तीन पायऱ्या : पाटीवरचा आकडा वाचा, त्यात आपला बावटा मिळवा, नवा आकडा पाटीवर लिहा.

एकच प्रोसेसर असेल तर बहुधा निभते. पण आजच्या यंत्रात ते दहा-वीस, कधी शंभराहूनही अधिक असतात. दोन कारकून एकाच पाटीजवळ आले असे समजा. पाटीवर शून्य आहे. दोघांनीही शून्य वाचले. पहिल्याने आपला आणा मिळवून ‘एक’ लिहिला. दुसऱ्याच्या डोक्यात अजून जुने शून्यच. त्याने आपली पावली मिळवून ‘चार’ लिहिले. पाटीवर हवे होते पाच, राहिले चार. पहिल्याचा आणा कोठे गेला? कोणी चोरला नाही, कोणी खोटे लिहिले नाही. दोघांनीही आपापले काम चोख केले, आणि तरी निरोप नाहीसा झाला!

म्हणून प्रोसेसरला अशा आज्ञा दिलेल्या असतात की वाचणे, मिळवणे आणि लिहिणे या तिन्ही पायऱ्या एका दमात व्हाव्या. मध्ये दुसऱ्याचा हात शिरू नये. शिवाय ‘बावटा वर कर, आणि तो आधीपासूनच वर होता का तेही मला सांग’ अशीही एकसंध आज्ञा असते. तिच्या बळावर दोन प्रोसेसर एकाच कामावर झडप घालीत नाहीत. ज्याला ‘आधी खाली होता’ असे उत्तर मिळते, काम त्याचे. दुसरा मुकाट्याने परत फिरतो.

याकिमाचा रुग्ण

इतके वाचल्यावर कोणाला वाटेल, या साऱ्या घासाघिशीची मजल कोठवर? फार तर एखादे यंत्र बंद पडेल, टपाल उशिरा मिळेल. तसे नाही. या लेखाचे खरे कारण आता सांगतो.

कॅनडात ‘थेरॅक-२५’ नावाचे एक यंत्र बनत असे. कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा झोत सोडून उपचार करण्यासाठी ते अमेरिका-कॅनडातल्या अकरा ठिकाणी बसवले होते. त्याच कुळातल्या आधीच्या यंत्रात चुकीच्या वेळी झोत सुटू नये म्हणून विजेचे आणि यंत्राचे खटके होते. या यंत्रात मात्र ती जबाबदारी बव्हंशी आज्ञावलीवर सोपवली होती. त्याचा स्वतःचा छोटा कर्नल होता, आणि तो बावट्यांवरच चाले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट मारा दिला.

त्यांतला शेवटचा अपघात १७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा येथे झाला. रुग्णाला नीट जागेवर घेण्याची तयारी चालू असताना आज्ञावलीचा एक भाग पुनःपुन्हा, शेकडो वेळा फिरत असे. ‘झोताच्या वाटेतले भाग आपापल्या जागी आहेत का, ते तपासले पाहिजे’ असे सांगणारा एक बावटा त्या प्रत्येक फेरीत वर करायचा होता. शून्य म्हणजे तपासायला नको. शून्याखेरीज काहीही म्हणजे तपासा. येथवर ठीक. पण बावटा वर करताना लिहिणाऱ्याने ‘एक लिही’ असे न लिहिता ‘आहे त्यात एक मिळव’ असे लिहिले. पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. शून्य नाही म्हणजे बावटा वर. दिसायला काहीच फरक नाही.

परंतु त्या बावट्याला जागा होती आठ बिटांची. आठ बिटांत २५५ पर्यंतच आकडा मावतो. २५६व्या फेरीत, सोळावा आणा पडताच रुपया होऊन आण्यांचा रकाना शून्यावर यावा, तसा तो आकडा शून्य झाला! त्या एका फेरीपुरता बावटा खाली पडला. आणि नेमक्या त्याच निमिषात चालकाने ‘पुढे चला’ असे बटण दाबले. यंत्राने पाहिले : तपासायला नको. झोताच्या वाटेत जे असायला हवे ते तेव्हा नव्हते. आणि पूर्ण शक्तीचा झोत रुग्णाच्या छातीवर पडला. एप्रिल १९८७ मध्ये तो रुग्ण दगावला.

दुरुस्ती काय केली? मिळवणे काढले आणि एक ठराविक आकडा लिहिला. एवढेच. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या साऱ्या अपघातांचा शोध घेऊन १९९३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही आज्ञावलीकारांना वाचायला लावतात. त्या दोघांचे म्हणणे असे की एवढी एक ओळ सुधारून भागत नाही. एका ओळीच्या चुकीवर माणसाचा जीव टांगून ठेवणारी रचनाच मुळात वाईट.

ही हकीकत अण्णांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या केबिनमध्ये एक खटका ओढला की त्याच्या विरोधातला दुसरा जागचा हलतच नसे. लोखंडच अडवायचे. माणूस झोपेत असला तरी लोखंड जागे असायचे.”

तज्ज्ञांच्या निबंधाचे सार अण्णांनी तीन वाक्यांत सांगितले होते.

थोडक्यात सांगायचे तर

बावट्याचे शास्त्र चार वाक्यांचे आहे. बावटा वर करायचा तो ठामपणे, मोजत मोजत नव्हे. खाली घ्यायचा तो काम सुरू करण्याआधी. वर-खाली करताना मध्ये दुसऱ्याचा हात येऊ द्यायचा नाही. आणि बावटा दिसला की एकच काम उरकून परत फिरायचे नाही, अंगण रिकामे करून यायचे. यांतले एकही वाक्य समजायला कठीण नाही. कठीण आहे ते रोज, प्रत्येक ओळीत, कंटाळा न करता पाळणे.

बावटा गरीब असतो. त्याला इतिहास सांगता येत नाही, गणती सांगता येत नाही, कोणी आणि का हेही सांगता येत नाही. ‘इकडे बघ’ एवढेच तो म्हणतो. पण ते तो न चुकता म्हणाला, आणि बघणाऱ्याने खरोखर बघितले, तर साऱ्या कपाटांचा गाडा सुरळीत चालतो. स्टेशनात गाडी सुटताना तिच्या शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा बावटा दाखवतो. २०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण हातातला बावटा काही बदलला नाही. आपण डब्यात बसून खिडकीबाहेर बघत असतो, आणि त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. लक्ष जात नाही हेच त्याचे काम चोख झाल्याचे प्रमाणपत्र. या दिवाळीत तुमच्या हातातल्या लहानशा यंत्रावर शुभेच्छांचे निरोप एकामागून एक येऊन पडतील. त्यांतल्या प्रत्येकासाठी कोठेतरी एक बावटा वर गेलेला असेल आणि वेळेवर खाली आलेला असेल. त्याला कोणी शुभेच्छा देत नाही. म्हणून या लेखातून मीच देतो.